परतीची गाडी

४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. वि.

तुझं पत्र पोचलं. तू आणि भाऊ खरंच सुट्टीला इकडे येताय, म्हणून पत्र दोनदा वाचलं. तयारीचं मलाच विचारलंस हे बरं केलंस. बस आगाराच्या चौकशी खिडकीत माझी उभी हयात गेली, लोकांना वाटेला लावणं एवढंच मला येतं. तेव्हा हे भाऊला मोठ्याने वाचून दाखव. तो ऐकल्यासारखं करतो आणि ऐकत नाही.

बॅगा वेगवेगळ्या भरू नका. प्रत्येकीत दोघांचे थोडे थोडे कपडे ठेवा, म्हणजे एक हरवली तरी भाऊला तुझा गाऊन घालून हिंडावं लागणार नाही. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बूट पायात रुळलेले आणा, नवे नकोत. रस्ता ओलांडताना आपल्या सवयीच्या उलट बाजूला आधी बघा. विमानतळावर खिडकीतला माणूस विचारेल तेवढंच सांगायचं. मला त्याने किती दिवस राहणार असं विचारलं, तर मी एक महिना म्हणाले आणि वर सुनेचा स्वभावही सांगायला निघाले होते. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची सवय नाही, तारांबळ उडाली.

दाराचं लक्षात ठेवा. इथलं दार लोटून ठेवता येत नाही. आपण बाहेर पडलो की ते आपलं आपण ओढलं जातं आणि कुलूप लागतं. किल्ल्या दोन, एक मुलाकडे, एक सुनेकडे. सकाळी दोघं कामावर जातात. मी आतच असते, त्यामुळे तसं काही अडत नाही. समोर बसथांबा दिसतो. बस इतकी वेळेवर येते की मी तिच्यावर घड्याळ लावते.

सून मायाळू आहे, हे पत्र तीच टपालात टाकणार आहे. फोन सगळ्यांच्या मध्ये होतो, म्हणून लिहायचं. भाऊला आशीर्वाद. लोभ बॅगेत मावेल तेवढा घेऊन या.

तुझी
चौकशी खिडकी


१९ मार्च

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. गाऊनपाशी हसले, बाकी ऐकल्यासारखं केलं. शिवणाचं दुकान महिनाभर बंद ठेवणार म्हटल्यावर गिऱ्हाइकांना एकाएकी सगळे कपडे सैल नाहीतर घट्ट व्हायला लागलेत, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही.

पण वन्सं, रागावणार नसाल तर एक विचारते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तुमच्या खिडकीपाशी उभी राहून तुमचं काम बघत असे. कुणी कुठलीही गाडी विचारो, तुम्ही आधी परतीची शेवटची गाडी सांगायचात. माणूस म्हणायचा की मला जायचंय, तर तुम्ही म्हणायचात की जाशील रे, पण यायचं कसं ते आधी ऐक. ह्या पत्रात बुटांपर्यंत सगळं आहे आणि परतीचं एक अक्षर नाही. तुमचा महिना तर केव्हाच उलटला. टाका सुटलेला दिसला की मला चैन पडत नाही, तसं झालंय.

दुसरं म्हणजे, भाचेबुवांचा ह्यांना फोन आला होता. येताना आईचं कपाट रिकामं करून सगळं घेऊन या आणि तिच्या घराला भाडेकरू बघा, असं म्हणाले. हे हो म्हणून बसले. तुम्हाला हे ठाऊक आहे ना? उत्तराची वाट बघते. तब्येतीला जपा आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
वहिनी


२ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. वि.

हे पत्र जिना पुसायला येणाऱ्या बाईच्या हाती देतेय. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण पाकीट पुढे केलं की जगात कुठेही कळतं. मागचं सुनेच्या हातून जायचं होतं, म्हणून झाकली मूठ ठेवली.

भाडेकरूचं मला ठाऊक नव्हतं.

परतीचं तिकीट मुलाने एकदा पुढे ढकललं, मग रद्दच केलं. जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. इथे कायमचं राहण्यासाठी माझा अर्ज करणार आहे. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या तिजोरीत आहे, हरवू नये म्हणून. मी तिसरी किल्ली मागितली तर म्हणाला, आई, तू रस्ता चुकशील. मला म्हणाला.

तो वाईट नाही गं. मी तिकडे न्हाणीघरात घसरून पडले तेव्हापासून त्याने धसका घेतलाय. शत्रू असता तर कडाकडा भांडले असते. पोटचा पोर मायेने दार लावून घेतो, त्याच्याशी कुठल्या तोंडाने भांडू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मला माझ्या घरी जायचंय, वहिनी. तिथे दार लोटलेलं असतं. पडले तेव्हा शेजारीण आत आली आणि तिने उचललं. इथे पडले तर संध्याकाळपर्यंत किल्ली येणार नाही, एवढं साधं त्याच्या लक्षात येत नाही. दुपारी मी दाराला हात लावून उभी राहते आणि परत येऊन बसते.

माझ्या कपाटाला हात लावू नका. भाऊला हे मात्र ऐकव. माझ्यावर लोभ असेल तर तो आता दाखवायचा.

तुझी
वन्सं


१५ एप्रिल

ती. सौ. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

आई हल्ली हळवी झाली आहे. तुम्ही आत्ता आलात तर तिचं मन पुन्हा तिकडे ओढ घेईल. तिचं बस्तान बसू दे, सहल पुढच्या वर्षी करू. मामी, ती तिकडे एकटी असताना माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिलाही आता पटलंय. खाली तिच्याच हातच्या दोन ओळी आहेत. मामांना नमस्कार. राग न धरता लोभ ठेवावा.

तुमचा
भाचा

चि. सौ. वहिनी, मी खुशाल आहे. हा म्हणतो तसं करा. शेवटच्या गाडीचं तेवढं विचारून ठेव.


२८ एप्रिल

चि. भाचेबुवांस,
अ. उ. आ. वि.

तुझं पत्र मामांनी स्वतः वाचलं, तेही दोनदा. तुझी काळजी खोटी नाही. म्हणून वन्संच्या न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे. मी रोज दुकानात जाता-येता डोकावणार आहे, आणि शेजारीण आहेच. भाडेकरू घर बघायला आला होता, त्याला मामांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. कपाट जसंच्या तसं आहे.

आम्ही ठरल्या दिवशीच येतोय. बूट रुळले आहेत, बॅगा आईने सांगितल्या तशाच भरल्यात. तेवढा पासपोर्ट तिजोरीतून आणून ठेव आणि तुझ्या हाताने तिला दे. आम्ही मागून घेतला असं व्हायला नको, तू तिचा मुलगा आहेस. लोभ काही पातळ झालेला नाही, उसवलाय तिथे शिवून घेऊ.

तुझी
मामी

ता. क. एवढं तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव. आधी परतीचं: तिकिटं तीन. मग यायचं: तिकिटं दोन.