माइक चालू होता

प्रिय टिटवे,

अक्षर बघून दचकू नकोस. हात तुझ्या बाबाचा आहे, तोंड माझं आहे. अट अशी ठरली आहे की मी बोलेन ते त्याने लिहायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. उद्या नर्सबाई, त्या कोण ते पुढे येईलच, हे सगळं मला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा गाळागाळी केलीस तर कळेल, अशी तंबीही दिली आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू एका दमात असू दे गं आजी म्हणून मोकळी होतेस, आणि या वेळी मला ते असू दे नको आहे. कारण चार वर्षांपूर्वी माझी नखं कापता कापता तू जी गोष्ट फक्त मला सांगितलीस, ती मी भरल्या सभेत सांगून बसले आहे. आज दहा दिवस झाले. चांगलं केलं की वाईट, ठरवता येत नाही. जन्मभर या घरात सगळ्यांचं बरंवाईट मीच ठरवत आले आणि आता माझंच डोकं आपल्या दुकानातल्या वायरींसारखं झालं आहे. एक टोक ओढावं तर तीन गाठी पडतात.

सुरुवात दुकानातच झाली. नर्सबाई आणि त्यांच्याबरोबरचे दोघं चौकातल्या सभेसाठी स्पीकर भाड्याने मागायला आले होते. कशाची सभा, हे बाईंनी सरळ सांगून टाकलं. बाईबाईंचा संसार, बाप्याबाप्यांचा संसार, त्यांना जिल्ह्याच्या परिषदेने माणसांत धरावं म्हणून. तुझा बाबा लगेच म्हणाला, सेट दुरुस्तीला गेलाय. मी स्टुलावरच बसले होते. म्हटलं, अरे, सकाळी तर त्यावर गाणी लावली होतीस! त्याने माझ्याकडे असं पाहिलं म्हणून सांगू, पण सेट द्यावा लागला. मला वाटलं, ही तुझ्यासारखीच माणसं, करतात तरी काय ते बघावं. बघायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे. सात खुर्च्या, आठव्याला उपडी बादली. मला एक अक्षर वाचता येत नाही आणि या मंडळींनी नाव म्हणून नुसती इंग्रजी अक्षरंच घेतलेली. दोनदा समजावलं बिचाऱ्यांनी. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, अक्षरं राहू द्या, माणसं सांगा.

मग मला काम मिळालं. काम काय, तर बसायचं. तरुण माणूस सभासदाच्या कचेरीत बसला की शिपाई विचारतो, काय काम आहे. म्हातारी बसली की पाणी आणून देतो. परिषदेच्या समितीत सात सभासद, त्यातल्या पाच जणांच्या कचेऱ्यांत मी बसून आले. एकाकडे तर इतकी बसले की त्याला वाटलं, मी त्याच्या बायकोकडची कोणीतरी आहे. मागणी साधी होती. आपल्या भागातल्या रुग्णालयांत सही रक्ताच्या नाहीतर लग्नाच्या माणसाचीच चालते. त्याऐवजी बरोबर राहणाऱ्या माणसाचीही चालावी. सगळे सभासद ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, तुमच्या घरचे कुठे आहेत? आणि खरंच, त्या खोलीत कोणाच्याच घरचं कोणी नव्हतं. मी होते, पण मी कोणाच्या घरची ते सांगायचं नव्हतं. नर्सबाईंचा नियमच होता, दुसऱ्याच्या गुपितावर आपली बाजू लढवायची नाही. मला त्यांनी पाठ करून घेतलं होतं, म्हणायचं, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. पोपटासारखं पाठ केलं होतं मी.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात माइकचं काम आपल्याच दुकानाचं होतं, नेहमीसारखं. तुझा बाबा कोपऱ्यात मिक्सरपाशी, कानाला हेडफोन लावून. माझ्यासाठी माइक खाली करायलाही तोच आला. हळूच म्हणाला, आई, लांबून बोल, नाहीतर शिट्टी मारतो. मी माझं पाठ केलेलं सुरू केलं. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिचं पोट दुखत होतं, ऑपरेशन करायचं होतं. तिच्याबरोबर राहणारी मुलगी, म्हणजे तुझी लंबू गं, तिला रक्तगट पाठ, कोणत्या गोळीने अंगावर पुरळ येतं ते पाठ, पण तिची सही चालेना. मग निरोप पाठवून एका म्हातारीला बोलावलं. जिला स्वतःचं नाव वाचता येत नाही, तिचा अंगठा चालला. तो कागद कापायचा होता की शिवायचा, म्हातारीला काय ठाऊक! लोक हसले. इथवर छान चाललं होतं. तेवढ्यात समितीतला एक गुबगुबीत सभासद उठला आणि म्हणाला, आजी, गोष्ट चांगली रचलीत, पण आपल्या भागात असलं काही नाही हो, एक तरी घर दाखवा. टिटवे, रचलीत म्हणाला तो. त्या दिवशी तुझ्या खाटेपाशी मी त्या कागदावर अंगठा दाबला होता, ते मला आठवलं आणि माझ्या तोंडून गेलं, घर कशाला दाखवू, माणूसच दाखवते. तो माइकवाला उभा आहे ना, त्याची मुलगी. माझी नात.

बोट दाखवायला मी वळले, त्यामुळे माइक तोंडापासून लांब गेला. मागच्या रांगांतून लोक ओरडले, आवाज नाही, आवाज नाही! अख्खं सभागृह तुझ्या बाबाकडे बघत होतं आणि बटण त्याच्याच हाताखाली होतं. बंद करायचा असता तर एक बोट पुरलं असतं. त्याने आवाज वाढवला. पुढचं सगळं, तरणतलावावर लहान मुलींना शिकवते माझी नात, लंबू तीन दिवस बाकावर बसून होती, ते खणखणीत ऐकू गेलं. टाळ्या पडल्या. मी फुगले, खोटं का बोलू. बाहेर पायऱ्यांवर नर्सबाईंनी माझा हात धरला. वाटलं, शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, आजी, हे तुमचं नव्हतं सांगायचं. तेव्हा कुठे माझे पाय जमिनीला लागले.

तुझ्या बाबाबरोबर घरी आले. मी आपली मनात तयारी करून बसले होते, की तो तुला काय काय बोलेल आणि मी त्याला काय काय सुनावीन. स्पीकर उतरवून झाले, हात धुतले आणि त्याने विचारलं, टाके किती पडले होते? एवढंच. दुसऱ्या दिवशी विचारलं, मी तुला डोळे तपासायला म्हणून स्टँडवर सोडलं, तोच दिवस का तो? हो म्हटलं. आपल्या मुलीचं पोट फाडलं आणि आपण बसमध्ये म्हातारीला खिडकीची जागा शोधून देत होतो, हे त्याला जास्त लागलं आहे. की दुसरंही लागलं आहे आणि त्याला फक्त हेच बोलता येतं? मला कळत नाही. आवाज का वाढवलास, विचारलं तर म्हणतो, मागचे ओरडत होते, तीस वर्षांची सवय. सवय होती की मन होतं, विचारलं, तर म्हणतो, वाढ, भूक लागली. एका गिऱ्हाईकाने ठरलेलं काम रद्द केलं. दुसरा एक मुद्दाम येऊन त्याचा हात दाबून गेला. हा दोघांवरही सारखाच चिडला. आत्ता मी इथे त्याच्याबद्दल एक वाक्य सांगितलं, ते त्याने लिहिलं नाही. वाचता येत नसलं तरी पेन हललं नाही, एवढं दिसतं मला. म्हणतो, ते मी तिला स्वतः सांगीन. कधी, ते विचारू नकोस. सेट दुरुस्तीला गेलाय म्हणणारा माणूस आहे तो.

आता ज्यासाठी पत्र लिहवून घेतलं, ते. काल परिषदेचा कारकून माझं बोलणं कागदावर उतरवून घेऊन आला. म्हणाला, येत्या गुरुवारपर्यंत अंगठा लावलात तर हे छापील नोंदीत जाईल, नाहीतर सगळंच खोडलं जाईल, अर्धं ठेवता येत नाही. समितीत तीन इकडे आहेत, तीन तिकडे, आणि अध्यक्ष नर्सबाईंना म्हणाले की घरच्या माणसाचा जबाब नोंदीत असेल तर मला हात वर करायला आधार मिळेल. खोडलं तर हा विषय पुन्हा कधी येईल, देव जाणे, आणि त्या खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या तोवर चालायच्या नाहीत. आणि छापलं तर ती नोंद प्रत्येक कचेरीत जाते, तुझ्या तरणतलावाच्या कचेरीतही. तुझा करार दर वर्षी त्याच परिषदेकडून नवा होतो, हे मला सभेत आठवलं नाही, घरी आठवलं. नर्सबाई म्हणतात, अंगठा लावू नका. त्यांनाच तो कागद सगळ्यात जास्त हवा आहे आणि त्याच नको म्हणतात. तुझ्या बाबाला विचारलं, तो म्हणाला, तिला विचार. म्हणून विचारते. पहिल्या वेळी विचारायला हवं होतं, ते आता विचारते. लाव म्हणालीस तर लावीन, नको म्हणालीस तर कागद तसाच परत देईन आणि कोणाला एक अक्षर बोलणार नाही. मला वाईट वाटेल म्हणून काही ठरवू नकोस, मला दोन्हीकडून वाईट वाटणारच आहे. लंबूशी बोल, ती तुझ्या घरची आहे. आणि काहीच सुचलं नाही, तर उत्तर पाठवू नकोस. त्यांच्या सभेत कोणी काही बोललं नाही की होकार धरतात, मी पाहिलं आहे. मी नकार धरीन.

तुझीच,
आगाऊ आजी