माश्या की मासे

वारजे, मंगळवार

श्री. यज्ञेश्वरराव यांस,

सप्रेम नमस्कार. आपल्या गुडघ्याची आणि वहिनींच्या मोतीबिंदूची चौकशी आधीच करून ठेवतो, कारण पुढे सगळा राग आहे आणि त्यात ती राहून जाईल. मी बरा आहे.

आमच्या सोसायटीने करोनात गेलेल्यांच्या स्मरणार्थ बागेत एक बाक बसवला आणि त्याच्या पाठीला पाटी लावली. तिच्यावर पहिलेच नाव आपल्या बहिणीचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, म्हणून मला अनावरणाला पुढच्या खुर्चीत बसवले होते. चेअरमन रंगरावांनी पडदा (त्यांचाच जुना पंचा) ओढला आणि मी वाचले : ‘साथीत आपली माणसे माशांसारखी पटापट गेली. त्यांच्या स्मृतीस अर्पण.’ खाली पद्मजा.

मजकूर तिसऱ्या मजल्यावरच्या आमोदचा. (जाहिराती लिहितो.) मी त्याला बाजूला घेऊन विचारले, हे काय आहे? “काका, ड्रॉपिंग लाइक फ्लाइज! साथीबद्दल सगळं जग असंच म्हणतं. जस्ट अ फ्रेज आहे.” यज्ञेश्वरराव, पद्मजा माश्यांशी कशी वागायची ते आपण पाहिले आहे. एक माशी घरात शिरली तर ताट सोडून, टॉवेल घेऊन तिच्यामागे फिरायची. आणि ती पटापट गेली नाही. आम्हाला भेटू देत नव्हते. शेवटच्या फोनवर, धाप लागलेली असताना, तिने मला कुकरची रिंग बदलायला सांगितले. माशी असे काही सांगत नाही.

मी सभेत उभा राहिलो. (आपल्याला ठाऊक आहे, मी सभेत उभा राहत नाही.) एवढेच म्हणालो, की हे वाक्य चूक आहे. तर निवृत्त शिक्षिका मैनाताई लगेच म्हणाल्या, “बरोबर बोलताहेत! माशांसारखी म्हणजे मासे. माशी असेल तर श्य हवा, माश्यांसारखी.” झाले. रंगराव म्हणाले, “अहो, मासेही मरतात की! मुठा नदीत पाहिले नाहीत का?” मग मासेवाले एकीकडे, माश्यावाले एकीकडे. चहा येईपर्यंत वाद चालला आणि माश्या बहुमताने निवडून आल्या. ‘सारखी’ या शब्दाला एकाचाही आक्षेप नव्हता. मी पुन्हा म्हणालो, हे काढा. रंगराव म्हणाले, “काढतोच आहोत, दिवाकरराव. श्य घालून परत लावतो.” वर माझे आभारही मानले, शुद्धलेखनाकडे लक्ष वेधल्याबद्दल.

वहिनींना नमस्कार.

आपला,
दिवाकर

ता. क. पाटी श्य घालायच्या आधीच नाहीशी झाली आहे. शोधासाठी तिघांची समिती नेमली असून तिच्यावर मी आहे.

ता. क. २ : पाटी माझ्या दिवाणाखाली आहे. दुपारी सोसायटी झोपलेली असताना पान्याने काढली. रविवारी गाडी घेऊन या आणि ती धायरीला घेऊन जा. समिती दिवाणांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, पण मैनाताई चिकट आहेत. वरचे वाक्य खरवडून टाका. नावाला मात्र हात लावू नका. पेंटरने ‘पद्मजा’ फार चांगले काढले आहे.