काचेच्या पेटीतली काळी माती

सर, आज एक डॉक्टरीणबाई माझ्या नर्सरीत आल्या आणि म्हणाल्या, काचेच्या बंद बरणीत लावायला असं काहीतरी द्या, जे वर्षानुवर्षं मरायलाच नको. मी हंसराज दाखवला, फिटोनिया दाखवला, ठेंगणी पेपेरोमिया दाखवली. तेरडा मागू लागल्या तर म्हटलं, बाई, तो एका मोसमात आटोपतो. काचेत बहुवर्षायूच लावायचं, तेही सावलीतलं, ओल सोसणारं, हळू वाढणारं. बोलता बोलता लक्षात आलं, हे सगळे शब्द तुमचे आहेत. तोंड कडू झालं माझं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या तोंडून तुम्हीच बोलता, काय हा ताप!

तुम्हाला मी मनातून कधीच मान दिला नाही, हे आधी सांगून टाकते. उठून उभी राहायचे, 'हो सर' म्हणायचे, तेवढं नोकरीपुरतं. अकोल्याच्या त्या शेतकी कॉलेजात मी तुमच्या हाताखाली रोपवाटिकेत होते, ती वर्षं कशी होती हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? बाहेर बघायचात कुठे तुम्ही! पेपर उघडला की वऱ्हाडातल्या कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव, कुणा शेतकऱ्यानं जीव दिलेला. आपल्या विभागाच्या पायऱ्यांवर सकाळपासून माणसं बसलेली, पिशवीत कपाशीची रोगट पानं घेऊन. आणि तुम्ही आत चिमट्यानं शेवाळ बसवताय. मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी दालनात हातभर लांब काचेची पेटी सजवायची होती तुम्हाला. थू!

एक दिवस त्या पायऱ्यांवर माझे बाबा होते. तिवस्यावरून निघून, अमरावतीला गाडी बदलून आले होते. कपाशी लाल पडत होती, कोणतं औषध फवारू एवढंच विचारायचं होतं. मी आत येऊन म्हटलं, "सर, माझे वडील आलेत, दोन मिनिटं पानं बघता का?" तुम्ही मानही वर केली नाही. "उद्या यायला सांग. आणि हे बघ, हा हंसराज डावीकडे बरा दिसतो की उजवीकडे?" मी म्हणाले, डावीकडे. अजून लाज वाटते त्याची. बाबा चार वाजेपर्यंत बसले, मग उठले. "तुह्ये सायेब कामात हायेत. काहून तरास देतं त्याईले? मी जातो, गाडी निंगून जाईन." गावच्या दुकानदारानं हातात ठेवलं ते औषध त्यांनी मारलं आणि अर्धं वावर जळालं. तुम्हाला हे कधी कळलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात पेटी भरायला घेतली. मी वाळू, कोळसा आणि नारळाचा भुसा कालवून ठेवला होता, तो तुम्ही बाजूला सारलात. पाहुण्यांना काचेतून वऱ्हाडची काळीभोर माती दिसली पाहिजे म्हणे, भाषणात तसं वाक्यही लिहिलं होतं. त्या मातीत राबणारा माणूस दारात ताटकळत ठेवायचा आणि मातीची मात्र आरास मांडायची! बंद काचेत ती माती पाणी धरून बसते, आंबते, मुळं कुजतात. पंधरा दिवस तुम्ही पेटी कापडाखाली झाकून ठेवली, मग पाहुण्यांसमोर ऐटीत कापड ओढून झाकण उचललं आणि नालीसारखा वास सुटला. हंसराज काळा पडलेला, फिटोनियाचा नुसता चिखल. एकानं नाकाला रुमाल लावला, मागं कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. ही मुलगी फक्त हाताखाली होती." तेव्हाही मला तुमची दया आली नाही. मनात म्हटलं, भोगा.

त्यानंतर तुम्ही काचघरात पाऊल टाकलं नाही. मुदतीआधीच घरी बसलात आणि दोन वर्षांत गेलात. मी मातीलाही आले नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. माती भरायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं, अगदी साधेपणानं, "तू शेतातली आहेस, ही माती काचेत टिकेल ना गं?" महिनाभर आधी मी घरी लोणच्याच्या बरणीत काळी माती भरून हाच प्रयोग केला होता. आठ दिवसांत सगळं कुजलं होतं.

मी म्हणाले, "टिकेल सर. बिनधास्त भरा."