सोफ्यावरचे पाच जण

रविवार, १४ नोव्हेंबर
सकाळ, दुकान उघडण्याआधी

चि. ठमीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तिचं डोकं खातो आणि ती आमचं. तुझ्या वहिनीने नवे पडदे लावलेत. चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. फोन केला की तू "दादा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस, म्हणून हे पत्र.

तर तुमच्या सोफ्याच्या जाहिरातीचं ते शूटिंग. "सगळ्यांसाठी जागा" म्हणे. बाई गं, काय तो प्रकार! पिकल्या केसांच्या एक आजी, एक गलेलठ्ठ गृहस्थ, एक सावळी मुलगी, एक टक्कल असलेल्या बाई आणि लंगडा मी. प्रत्येक जातीचा एकेक नमुना, प्रदर्शनात मांडल्यासारखा. त्या मुलीला मेकअपवाल्याने आणखी काळं केलं. टक्कलवाल्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "अहो, माझे केस कमरेपर्यंत होते. काल काढायला लावले." मला हसू फुटलं, तर दिग्दर्शक ओरडला, "हसू नका, एकमेकांकडे आपुलकीने बघा!" तासाभरापूर्वी भेटलेल्या माणसाकडे आपुलकीने कसं बघतात, ते त्यालाच ठाऊक.

आणि माझा पाय! बाराव्या वर्षी गेला, तेव्हापासून पँटच्या आत खोटा. इतका सरावलोय की गिऱ्हाइकांना पत्ताही नसतो. नेमका ह्याचाच त्यांना वैताग. "काही कळतच नाही हो!" अरे, कळू नये म्हणून तर जन्मभर धडपडलो! मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तरी समाधान नाही. शेवटी कुठूनतरी एक कुबडी पैदा केली. माझी कुबडीची सवय कधीच मोडलेली, त्यात ही आखूड. दोन पावलं टाकली आणि धडपडलो. सगळे खूश! "हेच, हेच हवं होतं!"

मी आलोच कशाला, असं विचारशील. पाय गेल्यावर मी महिनोन् महिने पलंगावर पडून टीव्ही बघायचो. त्यात माझ्यासारखं एकही माणूस नसायचं. तेव्हा एखादा जरी दिसला असता ना, मला बरं वाटलं असतं. म्हणून तू विचारलंस तेव्हा लगेच हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचही जण त्याच सोफ्यावर ऐसपैस बसून खिदळलो, तेवढा वेळ खरंच छान गेला. कॅमेरा अर्थातच बंद होता.

घरी आल्यावर आईने विचारलं, "ठमी होती ना रे जवळ?" म्हटलं, होती. तुझी वहिनी मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिलाही अजून काही बोललो नाही. पण तुला लिहितोच.

शूटिंगच्या वेळी तुझ्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं, "यांना कुठून शोधून काढलंस?" तू म्हणालीस, "एका ओळखीतून मिळाले." आणि माझ्याकडे वळून, "सर, पाणी हवंय?"

सर! अगं, शाळेच्या पहिल्या दिवशी तू माझं बोट सोडायला तयार नव्हतीस. आणि माझा गाढवपणा बघ, मी म्हटलं, "नको, मॅडम." तुझी पंचाईत नको म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली होती, एकाच तळपायाची का होईना.

भावाला वशिल्याने घेतलं असं लोक बोलतील, ही भीती असती तर तू आदल्या दिवशी मला तसं सांगितलं असतंस. मी समजून घेतलं असतं. तुला माझी लाज वाटली, ठमे. दिवसभर "सगळे आपलेच" म्हणून घसा कोरडा करणाऱ्या माणसांच्या मधोमध. फार लागलं मला.

येत्या शनिवारी जाहिरात पहिल्यांदा दाखवणार आहेत, त्याचं आमंत्रण तुमच्या ऑफिसकडून आलं. पाकिटावर "आमचे प्रेरणादायी पाहुणे" असं छापलंय. मी येतोय. आई आणि तुझी वहिनीही येतायत, आईने तर साडीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. तुझे साहेब विचारतील, ह्या दोघी कोण, ह्यांच्याबरोबर कशा. मी तोंड उघडणार नाही. आईलाही गप्प राहायला सांगेन. उत्तर तू द्यायचंस.

ते ऐकायला तिथे उभा असणारा,
तुझा दादा