निळ्या गाडीची नळी

१९ मे १९८३
निळ्या गाडीची ब्रेकची नळी आज पुरी झाली. शर्यत पुढच्या आठवड्यात, गाडीचे मुंबईवाले मालक घाईवर आले आहेत. चाकांजवळचे रबरी होज माझ्या उस्तादांनी, हैबतीकाकांनी केले. मधली लांब तांब्याची नळी माझी. तोंडं फुलवली, नट चढवले, पुढे तेलाच्या सिलिंडरपाशी वेटोळी वळली. गाडीचा हादरा नळीच्या मानेला न बसता वेटोळ्यांत जिरावा, म्हणून ती घालायची. गोल, सुबक पडली. पंपावर दाब दिला — थेंब नाही.

काकांनी नळी खिडकीपाशी नेली. हल्ली ते सगळंच डोळ्यांच्या अगदी जवळ धरतात. पुष्कळ वेळ पाहिली, मग खुंटीला टांगली.

परवा आंबेनळी घाट. ज्याने ब्रेकची नळी केली, त्याने पहिला उतार गाडीत बसून उतरायचा — आमच्या गॅरेजचा नियम. काकांनीच घातलेला, आणि आजवर तेच बसत आले. ही माझी पहिली नळी. माझ्याबरोबर काम करणारा चंदू म्हणाला, वळणावर ओकशील, पिशवी घेऊन बस! सगळे हसले, मीही. 

२१ मे
हैबतीकाका गेले.

२४ मे
झालं तसं लिहून ठेवतो. लिहिलं नाही तर डोक्यात उलटसुलट होत राहील.

त्या सकाळी बिरवाडीहून सायकलने गॅरेजात पोहोचलो, तेव्हा नळी गाडीत बसवून झाली होती. काका चिंध्यांना हात पुसत होते. गॅरेजचे मालक कोंडाजीशेठ जीप घेऊन आले. मुंबईवाल्यांचा ड्रायव्हर निळी गाडी घेऊन पुढे, आम्ही जीपमध्ये मागे, असे पोलादपूरवरून घाट चढलो. वर गाड्या वळवल्या. आता मी निळ्या गाडीत बसायचं. दाराची कडी माझ्या हाताला सापडेना. काकांनी मला बाजूला केलं.

"आज मी बसतो."

का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. खरं लिहायचं तर, मला बरं वाटलं.

दोन वळणं गाडी दिसत होती. मग दिसेना. कठड्याचे दगड गेलेले, खाली धूळ. ड्रायव्हर बाहेर फेकला जाऊन करवंदीच्या जाळीत अडकला होता, पाय मोडलेला. काका गाडीबरोबर गेले. पोलादपूरच्या लोकांनी दोर लावून संध्याकाळी त्यांना वर आणलं. गाडी खालीच आहे.

ड्रायव्हर येईल त्याला एकच सांगत होता — पेडल पोकळ गेलं, पेडल पोकळ गेलं.

पेडल पोकळ म्हणजे तेल गेलं. होज शाबूत असतील, ते काकांच्या हातचे. म्हणजे नळी. नळी माझी.

३ जून
पोलादपूरला काकांच्या घरी गेलो होतो. दिवस झाले. ठमाकाकीने माणसांतून मला शोधून काढलं. "जेवलास का रे?" म्हणाली. मी हो म्हणालो, तरी पान वाढलं. घास फिरत राहिला. ती समोर बसून होती. शिव्या दिल्या असत्या तर घास उतरला असता.

मला कुणीच काही म्हणत नाही. चंदूने चेष्टा बंद केली आहे.

१७ जून
कोंडाजीशेठ म्हणाले, दरीत आता पावसात माणूस उतरणार नाही. गाडीचं जे काय वर यायचं ते दिवाळीनंतर.

म्हणजे नळी कुठे फुटली हे दिवाळीनंतर कळणार. तोवर ती तिथे पडून आणि मी इथे.

८ जुलै
काकांच्या टेबलावर आता मीच काम करतो. काका डावरे. त्यांची हत्यारं — कानस, पक्कड, तोंड फुलवायचा साचा — शेगड्याच्या, म्हणजे नळी पकडतो त्या लोखंडी जबड्याच्या, डाव्या हाताला असायची. टेबल माझ्याकडे आलं त्याच दिवशी मी सगळी उजवीकडे मांडली.

संध्याकाळी झाडू मारताना पाहिलं. सगळी डावीकडे.

चंदूला विचारलं. तो म्हणाला, मी कशाला हात लावू?

९ जुलै
पुन्हा डावीकडे.

१३ जुलै
पुन्हा. आज शेठ आणि चंदू दोघेही माणगावला गेले होते. गॅरेजात मी एकटा.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं आहे. ब्रेकच्या तेलाचा वास नाकातून जात नाही. भातालाही तोच येतो.

१९ ऑगस्ट
आज काकांची फार आठवण आली. मी सातवी सोडून आलो तेव्हा पहिला महिनाभर काकांच्या शेजारी उभा राहून नुसतं बघत होतो. मग नळी हातात मिळाली, तर मी त्यांच्यासारखंच डाव्या हाताने वळायला लागलो. काकांनी मनगटावर पक्कड मारली होती! "तुझा हात उजवा हाय ना? मग माझी नक्कल कशाला? आपल्या हातानं वळ." तेव्हापासून मी उजव्यानेच वळतो. माझी वेटोळी स्क्रूच्या आट्यासारखी सुलटी चढतात, त्यांची उलटी. वेटोळं बघून सांगता यायचं कुणाचा हात ते.

मनगटावर अजून वण आहे. तो बघत बसलो.

२६ सप्टेंबर
ब्रेकचं काम मी करत नाही. ऑइल कूलरचे होज, पेट्रोलच्या नळ्या, एवढंच. तेही पंपावर इतक्यांदा लावतो की शेठ म्हणाले, जानू, होज टिकतील रे, माझा पंप टिकणार नाही.

मग खुर्ची ओढून जवळ बसले. डिसेंबरात पुण्याची शर्यतीची जीप येणार आहे. ब्रेकची नळी मी करायची आणि घाटात मीच बसायचं. नसेल जमत तर तसं सांगायचं, ते पनवेलहून माणूस आणतील. रागावले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

दिवाळीनंतर सांगतो म्हणालो. गाडी वर आल्यावर, असं मनात.

१६ नोव्हेंबर
आली.

गाडी नाही, पुढचा अर्धा भाग. बैलांनी ओढून रस्त्यावर घेतला, तिथून ट्रकने गॅरेजात. निळा रंग कुठे कुठेच. बॉनेट उचकटताना चंदू बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं.

नळी होती. हिरवी पडलेली. मागच्या नटाशी, मानेत, तुटलेली. तुटलेल्या कडेत माती — म्हणजे चीर जुनी, आज ओढताना पडलेली नाही. तिथूनच तेल गेलं.

मी खाली बसलो. मग पुढची वेटोळी पाहिली. रॉकेलच्या फडक्याने पुसली, पुन्हा पाहिली. उजेडात नेऊन पाहिली.

उलटी आहेत.

उलटी! हा काकांचा हात. नळी माझी नाही.

१८ नोव्हेंबर
काल काकीकडे गेलो. त्या दिवशी काका घरून कधी निघाले, एवढंच विचारलं.

"कोंबडं आरवायच्या आधीच गेला. म्हटलं, इतक्या लवकर कशाला? तर म्हणाला, एक नळी बघायची हाय."

मग म्हणाली, "त्याला दिसत नव्हतं रे. सुईत दोरा मी ओवायची. शेठला सांगू नको म्हणायचा."

आता सगळं जुळतं. माझी नळी त्यांना पसंत पडली नाही. मला न दुखवता काढली. पहाटे येऊन आपली केली, बसवली. डोळ्यांनी दगा दिला, मानेतली चीर दिसली नाही. आणि म्हणून आज मी बसतो म्हणाले — नळी त्यांची, उतार त्यांचा. माझ्या जागी ते गेले नाहीत. आपल्याच जागी गेले.

माझी नळी मग कुठे गेली? भंगारात असणार. भंगारवाला पावसाळ्यातच ढीग घेऊन गेला.

काकीला यातलं काही सांगितलं नाही. निघताना तिने पावट्याच्या शेंगा दिल्या.

२१ नोव्हेंबर
शेठना वेटोळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ. हैबतीचाच हात, म्हणाले. मी जीपचं काम करतो असं सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली.

चंदू म्हणाला, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं तर घरी बसायचं, ड्रायव्हरचा पण पाय घालवला! मी काकांची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही. चंदूच्या डब्यातली भाकरी खाल्ली. मला भूक होती.

२२ नोव्हेंबर
झोप लागली. पहिल्यांदा.

३० नोव्हेंबर
हत्यारांकडे लक्षच गेलं नाही बरेच दिवस. बरं वाटतं आहे. आईला पत्र टाकलं.

५ डिसेंबर
जीपची नळी झाली. मन हलकं होतं, हात आपोआप चालत होता, कधी संपलं कळलं नाही. खुंटीला टांगून चहा घ्यायला निघालो आणि सहज मागे वळून पाहिलं.

वेटोळी उलटी.

हत्यारं शेगड्याच्या डाव्या बाजूला. सकाळपासून गॅरेजात मी एकटा आहे. ती मांडणारा मीच. पहिल्यापासून मीच.

१९ मेचं पान काढून वाचलं. 'गोल, सुबक पडली.' सुलटी की उलटी, ते लिहिलेलं नाही. त्या दिवशीही हात असाच आपोआप चालला असेल, तर दरीतली नळी माझीच.

आज मी बसतो, काका म्हणाले होते.