ओठ वाचल्यामुळे कमी भरलेल्या बहिरेपणाबाबत

दिनांक : ५ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. अपील अधिकारी,
माजी सैनिक अपंगत्व फेरतपासणी कक्ष,
सोलापूर.

विषय : वडिलांचा बहिरेपणा ११ टक्क्यांवरून आहे तेवढा करून मिळणेबाबत.
संदर्भ : अपील मंजूर झाल्याचे आपले पत्र.

महोदय,

अपील मंजूर झाल्याचे आपले पत्र पोहोचले, आभारी आहोत. तथापि आम्ही अपील केलेलेच नव्हते. आपले लिपिक फोनवर म्हणाले, "अर्जच न्हाय तर मंजुरी कशाला लावू? आधी अर्ज तर करा की." सबब ते पत्र आलेच नाही, आणि पेढेही वाटलेच नाहीत, असे समजून अर्ज करतो की,

१. माझे वडील, निवृत्त हवालदार हिंदुराव सलगर, मूळचे मंगळवेढ्याचे, सतरा वर्षे तोफेशेजारी उभे होते. कान तिथेच गेले. पुढे ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात लागले. बहिरेपणा तिथल्या यंत्रमागांमुळे आला असा संशय घेऊ नये. आवाजाचा त्रास होत नाही, याच पात्रतेवर मालकांनी त्यांना पहिल्या दिवशी कामावर घेतले.

२. मागांच्या खडखडाटात कुणालाच ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. वडील त्यात लई तयार झाले. तपासणीत त्यांनी डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. खिडकीपाशी डॉक्टरांनी नर्सला हळूच "चहा झाला का?" विचारले, त्यालाही "जी सर, झाला" म्हणाले. म्हणून ११ टक्के.

३. वीस टक्क्यांखाली कानाचे मशीन मिळत नाही, असे कक्षाने कळवले. खरी अडचण घरी आहे. माझी पुतणी पिंकी, वय सहा, हिचे पुढचे चार दात पडल्याने तिचे ओठ वडिलांना वाचता येत नाहीत. ती रोज शाळेतले सांगते, ते दर वाक्याला "व्हय, व्हय" म्हणतात. परवा तिने विचारले, "आजोबा, तुमाला माझं कायच कळत न्हाय ना?" त्यालाही ते "व्हय" म्हणाले. तेव्हापासून ती त्यांना काही सांगत नाही.

४. डॉक्टरांनी पाठ फिरवून विचारावे, असे आम्ही सुचवून पाहिले. वडिलांना मान्य नाही. साहेबांच्या पाठीकडे बघून बोलणे शिस्तीत बसत नाही, म्हणून ते वळसा घालून समोर येतात आणि सावधान उभे राहतात.

तरी विनंती की, फेरतपासणी मंडळातील सर्व डॉक्टरांनी दोन्ही ओठ पूर्ण झाकतील एवढ्या मिशा वाढवाव्यात, वाढीचा मासिक अहवाल नस्तीस जोडावा, आणि मिशा समाधानकारक झाल्यावरच तारीख कळवावी.

आपला नम्र,
शिवराज हिंदुराव सलगर
(वडिलांच्या वतीने, अर्ज त्यांना समोर बसून वाचून दाखवला आहे.)