उजव्या डोळ्यातलं दर्शन

५ जानेवारी
नवी डायरी, नवा गुरुपादप्पा. शुगर वाढली म्हणे. वाढू दे, अकरा वर्षांची सोबत आहे. संकल्प: रोज फिरणं, साखरेचा चहा बंद, पेढा फक्त कुणी फारच आग्रह केला तर. डॉक्टर म्हणतात डोळ्याचा पडदा तपासा. कुणाचा? माझा! लातुरात मॅचिंग सेंटर चालवतो मी. साडीचा पदर रस्त्यावरून दाखवा, ब्लाऊजपीस बरोबर काढून देतो.

९ जानेवारी
बायकोने, उमादेवीने, ओढून नेलंच. डोळ्यांत थेंब टाकले, दिवसभर उन्हात चाचपडत होतो. धंदा बुडाला तो वेगळाच. डॉक्टरांनी पडद्याचा फोटो दाखवला, लाल ठिपकेच ठिपके. म्हणाले, शुगरने बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात, पडद्यातल्या पेशी मरून राहिल्यात, मेलेल्या परत येत नाहीत. डावा बराच गेला, उजवा वाचवू; नांदेडला जाऊन इंजेक्शन घ्या. डोळ्यात इंजेक्शन! डावा तर पहिल्यापासून आळशीच. उजव्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली. थोडी पाठ झाली होती, ते सोडा. लग्नसराई उरकली की बघू.

२० जानेवारी
थंडी लई. फिरणं रद्द. बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात. कात्रीमुळे.

२ फेब्रुवारी
औशाच्या साखराबाई भांडून गेल्या. मरून रंगाच्या साडीवर चॉकलेटी पीस दिला म्हणे. दोष दुकानातल्या नव्या ट्यूबलाइटचा. जुनी परत लावली. संध्याकाळी दुसऱ्या बाई हिरव्या साडीवरचा निळा पीस घेऊन हजर. जुनी ट्यूबही खराब निघाली.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र, पहाटे
अंगावर काटा आला! गळ्यातलं इष्टलिंग डबीतून काढून तळहातावर घेऊन, नजर लावून बसलो होतो. मान वर केली तर भिंतीवर तेच. काळं, गोल. कॅलेंडरवर तेच, घड्याळावर तेच, उमादेवीच्या तोंडावरही तेच. इतक्या वर्षांची पूजा फळाला आली! ज्याच्या डोळ्यात देव उतरला त्याला सुई कशाला? नांदेड कॅन्सल. आनंदाच्या भरात दोन पेढे. प्रसाद होता, त्याची शुगर धरत नाहीत.

१७ फेब्रुवारी
मठात जाऊन स्वामींना सांगितलं. वाटलं, मिठी मारतील. त्यांनी विचारलं, उजवा डोळा झाकला की लिंग दिसतं का? झाकून बघितलं, म्हणालो नाही, मग सगळंच धुकट. ते म्हणाले, गुरुपादप्पा, देव एका डोळ्यात मुक्कामाला येत न्हाई, दवाखान्यात जा. स्वामी अजून तरुण आहेत. अनुभव यायचाय त्यांना.

२६ फेब्रुवारी
उमादेवी सकाळी समोर येऊन उभी. म्हणाली, मी कुंकू लावलंय का न्हाई सांगा. म्हणालो, लावलंय, ठसठशीत. तिची अजून आंघोळ व्हायची होती. तशीच आत गेली. बायकोने नवऱ्याची अशी परीक्षा घेऊ नये. वाईट वाटलं. तिचं तोंड शेवटचं नीट कधी बघितलं, ते आठवून बघितलं. आठवलं नाही. दुकानात गर्दी असते, एवढं कुठे लक्षात राहतं.

६ मार्च, सकाळ
पूजेला बसलो. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून पाटावर ठेवली, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलून परत आलो, हात पुढे केला, लिंग तळहातावर. आज तर अगदी ठळक! विभूती लावली, बेल वाहिला, सगळे मंत्र म्हटले. डोळे भरून आले.

उमादेवी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, अहो, हे काय करून राहिलात? डबी तशीच हाय की पाटावर. उघडलीच न्हाई तुम्ही.

दुसऱ्या हाताने चाचपलं. तळहातावर राख आणि बेलाचं पान. बाकी काही नाही.

वाटलं, आता हसेल. हसली नाही. खाली माझ्याजवळ बसून रडायला लागली. मीही रडलो. मग तिने नांदेडला फोन लावला. उद्या सकाळीच या म्हणाले. मी म्हणालो, गेलेलं किती परत येतं, तेवढं विचार.

ती म्हणाली, ते तुम्हाला डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं व्हतं.